पुढारीपणाची कसोटी

भंडारा शहराच्या पूर्वेस, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर कारधा हे गाव आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारी वाहतूक वर्षानुवर्षे येथील पुलावरून होत आली आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट जिल्ह्यातून वळसा घेते आणि महाराष्ट्रात येऊन भंडारा जिल्ह्याची भूमी भिजवीत दक्षिणेकडे जाते. तिच्या काठी भाताची शेती पिकते. तिच्या पात्रात ढिवर लोक डोंगे घालून मासेमारी करतात. उन्हाळ्यात शांत दिसणारी ही नदी पावसाळ्यात मात्र वेगळेच रूप धारण करते.

कारध्याच्या पुलाजवळ नदीच्या पाण्याची उंची नित्य मोजली जाते. समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर ही येथील धोक्याची पातळी ठरविलेली आहे. पाणी तेथपर्यंत चढले की काठच्या लोकांना सावध केले जाते. पुष्कळदा कारध्यात पावसाचा थेंबही नसतो. परंतु वर सिवनी-बालाघाटकडे मुसळधार पाऊस झालेला असतो, धरणांतून पाणी सोडावे लागलेले असते, आणि तो लोंढा काही तासांनी येथे येऊन पोचतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असाच मोठा पूर आला. भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत आणि नदीकाठच्या कित्येक गावांत पाणी शिरले. हजारो लोकांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले.

पुराच्या वेळी किती माणसांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात, याचा विचार करून पाहावा. कोणी पाण्याची उंची वाचतो, कोणी ती वर कळवितो. धरणावरील अभियंता दारे उघडण्याचा निर्णय घेतो. तहसीलदार आणि पोलीस लोकांना हलवितात. डोंगा चालविणारे अडकलेल्यांना बाहेर काढतात. शाळेचे वर्ग निवाऱ्यासाठी उघडले जातात, आणि तेथे कोणी चूल पेटवून शेकडो माणसांच्या जेवणाची सोय करतो. यांपैकी एकटा माणूस काहीच करू शकत नाही. सर्वांचे हात एका दिशेने चालावे लागतात, आणि ते तसे चालावेत म्हणून कोणीतरी पुढारी लागतो.

पुढारी लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो कसा असावा, याविषयी मात्र पुष्कळांच्या मनात घोटाळा असतो. मोठ्या आवाजात हुकूम सोडणारा तो पुढारी, असे काहींना वाटते. सर्वांशी गोड बोलणारा तो पुढारी, असे दुसऱ्यांना वाटते. खरे पाहता पुढारीपण करण्याच्या रीती अनेक आहेत, आणि प्रत्येक रीतीचा तिच्या हाताखालील माणसांवर निरनिराळा परिणाम होतो. तो परिणाम कसा ओळखावा, हे समजून घेण्याजोगे आहे.

सामान्यतः पुढारीपणाच्या तीन रीती सांगता येतात.

पहिली हुकमाची रीत. या रीतीत काय करायचे, कसे करायचे आणि कोणी करायचे, हे सर्व पुढारी एकटा ठरवितो. इतरांनी फक्त सांगितले तेवढे करायचे. पुढची पायरी कोणती, हेही त्यांना आधी कळत नाही. कामाची स्तुती किंवा निंदा पुढारी आपल्या मर्जीप्रमाणे करतो. त्याची कारणे तो देत नाही.

दुसरी मसलतीची रीत. येथे पुढारी आपल्या माणसांना एकत्र बसवितो. काम कशासाठी करायचे ते समजावून सांगतो. त्यांची मते ऐकतो, आणि सर्वांनी मिळून ठरविलेल्या मार्गाने काम चालवितो. मात्र तो बाजूला उभा राहत नाही. स्वतः कामात असतो, चूक दाखवितो, आणि चूक का झाली तेही सांगतो.

तिसरी मोकळीकीची रीत. येथे पुढारी नावापुरताच असतो. साहित्य देतो, विचारले तर उत्तर देतो. पण स्वतःहून काही सुचवीत नाही, कोणाला अडवीत नाही की कोणाला पुढे नेत नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने करावे, असा त्याचा खाक्या असतो.

या तीन रीतींपैकी कोणती चांगली, हे केवळ तर्काने सांगणे कठीण आहे. म्हणून काही अभ्यासकांनी ते प्रत्यक्ष प्रयोगाने पाहिले. कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ मूळचे जर्मनीत राहणारे. ज्यू कुटुंबात जन्मल्यामुळे हिटलरच्या हाती सत्ता आल्यावर १९३३ साली त्यांना तो देश सोडून अमेरिकेत जावे लागले. एका माणसाच्या हुकमापुढे सारा देश कसा मान तुकवितो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. अमेरिकेतील आयोवा येथे रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक प्रयोग केला. त्याची हकीगत १९३९ साली प्रसिद्ध झाली.

प्रयोगात भाग घेणारी मुले दहा-अकरा वर्षांची होती. पाच-पाच मुलांचे लहान लहान गट करण्यात आले. शाळा सुटल्यावर हे गट जमत, आणि मुखवटे तयार करणे, लाकूडकाम करणे अशी कामे करीत. प्रत्येक गटाला एक प्रौढ पुढारी दिलेला असे. कोणी हुकमाने काम घेई, कोणी मसलतीने, तर कोणी मुलांना अगदी मोकळे सोडी. काही आठवड्यांनंतर पुढारी बदलत आणि रीतीही बदलत. एकच माणूस एका गटात हुकमाने वागे, तर दुसऱ्या गटात मसलतीने. त्यामुळे दिसणारा फरक माणसाच्या स्वभावाचा नसून त्याच्या रीतीचा आहे, हे ठरविता आले. निरीक्षक एका बाजूला बसून मुलांच्या वागण्याची बारकाईने नोंद ठेवीत.

या नोंदींतून काय दिसले? मोकळीकीच्या गटात काम सर्वांत कमी झाले, आणि जे झाले तेही विस्कळीत. मुलांना स्वातंत्र्य होते, परंतु त्या स्वातंत्र्याचे काय करावे ते त्यांना कळेना. हुकमाच्या गटांत मात्र काम जोरात चाले. त्यांतही दोन प्रकार दिसले. काही गटांत मुले निमूटपणे मान खाली घालून काम करीत. काहींत ती आपापसांत भांडत. पुढाऱ्यावरचा राग पुढाऱ्यावर काढता येत नसे, म्हणून तो एखाद्या दुबळ्या सोबत्यावर काढला जाई. मसलतीच्या गटात काम मध्यम गतीने चाले, पण मुले एकमेकांची मदत करीत. हुकमाच्या गटातील मुलांच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझे’ हे शब्द अधिक येत. मसलतीच्या गटात ‘आपण’ आणि ‘आपले’ हे शब्द अधिक येत.

येथपर्यंतचे ऐकून कोणालाही वाटेल की, कामच हवे असेल तर हुकमाची रीत उत्तम. निमूट मुलांच्या गटात, पुढारी समोर असताना, शेकडा ७४ वेळ कामात जाई. मसलतीच्या गटात तो शेकडा ५० च होता. एखादा तपासनीस त्या वेळी खोलीत डोकावला असता, तर त्याने हुकमाच्या पुढाऱ्याची पाठ थोपटली असती.

परंतु प्रयोग येथे संपला नाही. मधूनमधून पुढारी मुद्दाम काही मिनिटे खोलीबाहेर निघून जाई. खरी गंमत तेव्हाच दिसे. पुढाऱ्याची पाठ वळताच हुकमाच्या गटाचे हात थांबत; शेकडा ७४ चे प्रमाण शेकडा २९ वर येई. मसलतीच्या गटात ते शेकडा ५० वरून केवळ ४६ वर आले. पुढारी आत आहे की बाहेर, याने त्या मुलांच्या कामात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. काम त्यांनी स्वतः ठरविलेले होते. म्हणून ते त्यांचे स्वतःचे होते. अखेरीस मुलांना आपले मत विचारण्यात आले, तेव्हा वीसपैकी एकोणीस मुलांनी हुकमी पुढाऱ्यापेक्षा मसलतीचा पुढारी पसंत केला.

या प्रयोगाने पुढारीपणाची एक साधी कसोटी हाती दिली. पुढारी समोर असताना काय घडते, यावरून त्याची परीक्षा होत नाही. तो दूर गेल्यावर काय घडते, यावरून ती होते.

एका खोलीत जे दिसले, ते राज्यांच्या इतिहासातही दिसते काय, हे आता पाहू. १६६५ साली पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. पुढच्याच वर्षी, मार्च १६६६ मध्ये, ते बादशहाच्या भेटीसाठी आग्र्यास निघाले. तेथे औरंगजेबाने त्यांना नजरकैदेत ठेवले. ऑगस्टमध्ये ते पहाऱ्यातून निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर परत आले. मधल्या साऱ्या महिन्यांत स्वराज्याचा धनी शेकडो कोस दूर, शत्रूच्या राजधानीत अडकलेला होता. तो जिवंत परत येईल की नाही, याचीही खात्री नव्हती. शेजारी विजापूरची सत्ता होती, आणि तेवीस किल्ल्यांवर मोगलांचे ठाणे होते. राज्य मोडायला याहून चांगली संधी कोणती?

पण राज्य मोडले नाही. जिजाबाई आणि मोरोपंत पिंगळ्यांसारखे कारभारी यांनी कारभार चालविला. बंडाळी माजली नाही. किल्ल्यांवरील माणसे आपापल्या जागी राहिली. महाराज परतले तेव्हा त्यांची घडी जशीच्या तशी त्यांना मिळाली.

हे दैवयोगाने घडले नव्हते. महाराजांच्या कारभाराची रचनाच अशी होती की, सारे काम एका माणसावर लटकत राहू नये. किल्ल्याचेच उदाहरण घ्यावे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी बरोबरीच्या मानाचे असत. शिवाय कोठारांची जबाबदारी कारखानीसाकडे असे. एकाने दुसऱ्याच्या सल्ल्याने चालावे, अशी ही योजना होती. तिचा पहिला हेतू फितुरीला आळा घालणे हा होता. परंतु त्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. अनेक माणसांना जबाबदारी घेण्याची आणि मिळून निर्णय करण्याची सवय लागली. पुढे ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधान नेमून प्रत्येकाचे काम वाटून देण्यात आले.

महाराजांची शिस्त कडक होती, यात शंका नाही. तथापि त्यांचा हुकूम मुका नसे. चिपळूण परिसरात छावणी करून राहिलेल्या लष्करातील अधिकाऱ्यांना त्यांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढीच आज्ञा त्यात असती तर ती चार शब्दांत संपली असती. परंतु त्या पत्रात कारणे समजावून सांगितली आहेत. वैरण आणि दाणा आताच मनमानेल तसा उधळला, तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरचे धान्य, लाकूडफाटा आणि भाजीपाला लुटू लागतील. मग रयत गाव सोडून जाईल आणि मोगल परवडले असे म्हणेल. रात्री दिवे जळत ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गंजीला आग लागेल. अशी बारीकशी गोष्टही त्यात आहे. राजाला उंदराची आणि वातीची काळजी करण्याचे कारण काय? कारण तो स्वतः त्या छावणीत हजर राहणार नव्हता. ज्याला आज्ञेमागचे कारण कळले आहे, त्याला आज्ञा करणारा समोर असण्याची गरज पडत नाही. पत्रात न लिहिलेला प्रसंग उद्भवला, तरी तो योग्य तेच करतो.

या शिकवणीची मोठी परीक्षा महाराजांच्या निधनानंतर झाली. १६८० साली ते गेले. संभाजी महाराजांनी नऊ वर्षे झुंज दिली. १६८९ साली त्यांचा वध झाला. राजाराम महाराजांना दूर जिंजीस जावे लागले, आणि १७०० साली तेही वारले. त्यानंतर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. एकामागून एक धनी गेले, तरी रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारखी माणसे लढत राहिली. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला, तेव्हा स्वराज्य शिल्लकच होते.

याच मराठ्यांच्या इतिहासात याच्या उलट चित्रही आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांची सेना समोरासमोर उभी राहिली. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ शूर होते, यात वाद नाही. परंतु लढावे कसे, याविषयी सरदारांत एकमत नव्हते. मल्हारराव होळकरांना गनिमी काव्याची जुनी पद्धत पसंत होती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पायदळ यांना एका जागी पाय रोवून लढायचे होते. हा मतभेद मिटविणारी मसलत झाली नाही. दुपारपर्यंत लढाई अटीतटीची चालली. मग विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि शत्रूच्या गर्दीत घुसले. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसताच सेनापती पडल्याची वार्ता सैन्यात पसरली, आणि हजारो शूर माणसांच्या फळ्या पाहता पाहता विस्कटल्या.

पानिपतच्या पराभवाला कारणे पुष्कळ होती. सैन्य अन्नावाचून हैराण झाले होते, बरोबर यात्रेकरूंचा आणि कुटुंबांचा मोठा जमाव होता, आणि दिल्लीची वाट अडलेली होती. तरीही त्या रिकाम्या अंबारीपासून घेण्याजोगा धडा आहेच. आग्र्याच्या वेळी धनी दूर होता, पण काय करायचे ते प्रत्येकाला ठाऊक होते. पानिपतावर साऱ्या फौजेचे डोळे एका अंबारीवर खिळले होते. ती रिकामी होताच पुढे काय करायचे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

इतिहासातील मोठ्या घटना सोडून पुन्हा वैनगंगेच्या खोऱ्यात यावे. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून येथील लोकांनी, विशेषतः तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी लोकांनी, उतारावर मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडविले. त्या पाण्यावर भाताची शेती उभी राहिली. इंग्रजी अमदानीत गावाचा मालगुजार या तलावांचा धनी झाला. बांध दुरुस्त करणे, गाळ काढणे, सांडवा नीट ठेवणे आणि पाटाने पाणी वाटणे, ही कामे पुष्कळ गावांत त्याच्या देखरेखीखाली चालत. गावकरी श्रम करीत. पण हुकूम मालगुजाराचा असे.

त्या वेळी हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात होता. १९५० साली त्या राज्याने मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा केला, आणि १९५१ साली हे तलाव सरकारच्या मालकीचे झाले. कायदा न्याय्य होता. गावची जमीन आणि पाणी एका घराण्याच्या मुठीत असावे, हे स्वतंत्र देशाला शोभणारे नव्हते. परंतु एक गोष्ट राहून गेली. हुकूम करणारा गेला, आणि त्याच्या जागी मिळून ठरविणारे कोणी उभे राहिले नाही. मालगुजाराला वाटे, आता तलाव आपला नाही. गावकऱ्यांना वाटे, तलाव सरकारचा आहे. सरकारी कचेरी तर दूर राहिली. दरवर्षी बांधावर पडणारी माती पडेनाशी झाली. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, काहींवर अतिक्रमणे झाली, आणि काहींत बेशरमाची झुडपे माजली. गावकऱ्यांचे हात तेच होते, त्या हातांतील कसबही तेच होते. फक्त ते हात कोणाच्या तरी हुकमाने चालण्याला सवकलेले होते. आयोवाच्या खोलीत पुढारी बाहेर गेल्यावर जे घडले, तेच येथे गावोगाव घडले.

सुदैवाने ही कथा येथेच संपत नाही. या भागातील काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांच्या सहकारी संस्थांनी आणि गावकऱ्यांनी अलीकडच्या काळात आपले तलाव पुन्हा हाती घेतले आहेत. त्यांनी मिळून बेशरम उपटले, माशांना उपयोगी पडणाऱ्या पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे पुन्हा वाढावेत म्हणून नियम ठरविले. कोणत्या झाडाखाली कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्यातील वडीलधाऱ्यांपाशी होतेच. कोणी तरी त्यांना विचारण्याची आवश्यकता होती.

मग हुकमाची रीत सर्वस्वी वाईट समजावी काय? तसे मुळीच नाही. कारध्याच्या पुलाजवळ पाणी धोक्याच्या पातळीवर चढत असताना, कोणत्या वस्तीतील माणसे आधी हलवावीत, यावर सभा भरवून चालणार नाही. तेथे एकाने सांगावे आणि इतरांनी ऐकावे, हेच योग्य. डोंगा धारेला लागला असताना वल्ही कोणत्या बाजूने मारायची, हे नावाडीच सांगणार. त्या क्षणी प्रत्येकाने आपले मत मांडले, तर डोंगा उलटेल. आग, पूर आणि अपघात या वेळी हुकूमच तारतो.

मात्र पुराचे दिवस वर्षातून थोडे असतात. पूर नसलेल्या दिवसांत गावाने एकत्र बसून पुष्कळ गोष्टी ठरवून ठेवायला हव्या असतात. कोणती घरे सखल जागी आहेत? कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे? कोणाचा डोंगा धड आहे? रात्री अपरात्री खबर कोणी द्यायची? शाळेची किल्ली कोणापाशी असते? या प्रश्नांची उत्तरे वरून येणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक नसतात. ती गावातील बायका, नावाडी, गुराखी आणि मुले यांना ठाऊक असतात. अशी मसलत ज्या गावाने आधी केली आहे, त्या गावात पुराच्या रात्री हुकूम चटकन पाळला जातो. कारण तो परक्याचा हुकूम वाटत नाही. आपणच ठरविलेल्या गोष्टीची ती आठवण असते. दूरध्वनी बंद पडला, वाट पाण्याखाली गेली आणि हुकूम पोचलाच नाही, तरीही माणसे आपापल्या जागी उभी राहतात.

मोकळीकीच्या रीतीलाही तिची जागा आहे. अनुभवी सुताराला करवत कशी धरावी, हे शिकवीत बसणे व्यर्थ होय. जाणत्या माणसाला मोकळे सोडावे. परंतु जो अजून शिकत आहे, त्याला मोकळे सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे होय. तेव्हा शहाणा पुढारी एकच रीत धरून बसत नाही. प्रसंग कोणता आहे, वेळ किती आहे आणि आपली माणसे कोठवर तयार झाली आहेत, हे पाहून तो रीत निवडतो. मात्र ती निवडताना एक गोष्ट तो कधी विसरत नाही. आपल्यावाचून चालू शकतील अशी माणसे त्याला घडवायची असतात.

हे मोठ्या माणसांपुरतेच खरे आहे असे नाही. वर्गाचा नायक, कबड्डीच्या संघाचा कर्णधार, स्नेहसंमेलनातील नाटकाचा प्रमुख किंवा शाळेच्या बागेची निगा ठेवणाऱ्या तुकडीचा म्होरक्या हे सर्व पुढारीच होत. गुरुजी वर्गात नसताना फळ्यावर नावे लिहून शांतता राखणारा नायक खडू खाली ठेवताच वर्गात गलका उठतो. दुसरा एखादा नायक, आज कोणता धडा कोणी वाचायचा, कोणाला गणित समजले नाही आणि ते त्याला कोणी समजावून द्यायचे, हे सोबत्यांशी बोलून ठरवितो. तो आजारी पडून चार दिवस आला नाही, तरी वर्ग आपले काम करीत राहतो. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की, याच्या नसण्याने काही अडले नाही, म्हणजे याचे महत्त्व फारसे नसावे. परंतु जाणता माणूस ओळखतो की, त्याच्या नसण्याने काही अडले नाही, हेच त्याचे सर्वांत मोठे काम आहे.

स्वाध्याय

१. पुढारीपणाच्या तीन रीती कोणत्या? प्रत्येक रीतीत कामाचा निर्णय कोण घेतो, ते सांगा.

२. आयोवा येथील प्रयोगात पुढारी मुद्दाम खोलीबाहेर का जात असे? त्यामुळे काय कळले?

३. ‘महाराजांचा हुकूम मुका नसे.’ या विधानाचा अर्थ चिपळूणच्या पत्राच्या आधारे स्पष्ट करा.

४. मालगुजारी नष्ट करणारा कायदा न्याय्य असूनही तलावांची हानी का झाली?

५. हुकमाची रीत योग्य ठरेल असे दोन प्रसंग, आणि मसलतीची रीत योग्य ठरेल असे दोन प्रसंग तुमच्या गावातून शोधून लिहा.